पालकांची परवानगी

आमच्या जयपूरच्या विद्याधर नगरातल्या घरात ब्रॉडबँड आलं तेव्हा मुलगी दहावीत होती आणि ह्यांनी धास्ती घेतली होती. हे विमा कंपनीत अधिकारी. आधी धोका मोजायचा आणि मग जगायचं, असा एकूण स्वभाव. ऑफिसातल्या कुणीतरी एक सीडी दिली. ती संगणकात घातली की नको त्या साइट बंद होतात म्हणे. हे तिला कौतुकाने 'चाळणी' म्हणत. एका रविवारी दुपारभर बसून ह्यांनी ती चाळणी बसवली आणि पासवर्ड स्वतःपाशी ठेवला.

मुलीने खांदे उडवले. अडकले मी.

घरातली दोघं बाहेर पडली की मी एका मराठी संकेतस्थळावर लिहीत असे. कुठकुठली मराठी माणसं तिथे गप्पा मारायला जमायची. टोपणनाव घेऊन मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांबद्दल, सांगलीच्या सासरबद्दल लिहायला घेतलं होतं. जयपुरात मी भाजीवाल्याची भाभीजी, शेजारणीची मिसेस अमुकतमुक आणि घरात आई. तिथे मात्र 'पुढचा भाग कधी?' असं मला विचारणारी माणसं होती. त्याची मला किती सवय लागली होती ते बंद झाल्यावर कळलं.

सोमवारी पान उघडायला गेले तर पडद्यावर लाल चौकट. ही साइट गप्पांची आहे म्हणून बंद आहे, पाहायची असल्यास आपल्या पालकांची परवानगी घ्या, असं इंग्रजीत बजावलं होतं. मी चव्वेचाळीस वर्षांची, वडील जाऊन कितीतरी वर्षं झालेली. आधी हसू आलं. मग असा संताप आला की गॅसवर दूध उतू गेलं तरी मी खुर्चीतून उठले नाही.

मुलीच्या लक्षात आलंच. "आई, मतलब तू पण अडकलीस? पासवर्ड सांगू? बाबांनी स्कूटरचा नंबर ठेवलाय. मला तर पहिल्याच दिवशी समजला."

जिच्यासाठी चाळणी, ती केव्हाच पलीकडे जाऊन बसली होती! मी पासवर्ड घेतला नाही. चोरून आत शिरायचं तर बंदी मान्यच केल्यासारखं झालं असतं. सरळ ह्यांना विचारावं, तर काय लिहिते ते सांगावं लागणार. दोन्ही जमेना, आणि माझं लिखाण अर्ध्यावर लटकून राहिलं.

त्या हिवाळ्यात मराठी मंडळाने मालवीय नगरात एक परिसंवाद ठेवला: इंटरनेटवर बंधन हवं की नको. पुण्याहून नोकरीला आलेला एक आयटीतला तरुण तावातावाने म्हणाला, "आज घाणेरडं म्हणून बंद कराल, उद्या सरकारला टोचतं म्हणून बंद होईल." मला पटलं. मग एका आईने विचारलं, "आणि आमच्या पोरांनी काय वाट्टेल ते बघायचं का?" तेही पटलं, कारण मलाही मुलगी होती. मग हे उठले. "आमच्याकडे चाळणी आहे. कुणाचं काही अडलेलं नाही. एक तक्रार नाही."

"माझी आहे," मी म्हणाले. उभी कधी राहिले ते मलाच कळलं नाही. "मी जिथे मराठीत लिहिते ते पान बंद झालंय. पालकांची परवानगी आणा म्हणतात. माझे वडील वारले. आता कुणाकडून आणू, तेवढं सांगा."

सभागृह खो खो हसलं. हे हसले नाहीत.

घरी आल्यावर ह्यांनी चप्पलही न काढता संगणक लावला, चाळणी काढून टाकली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "काय लिहितेस?"

"वाचा," म्हटलं आणि पान उघडून दिलं. त्यात सासूबाई होत्या. मी वाचनालयातून आणलेलं पुस्तक आधी त्या चाळत, नवीन सुनेला शोभत नाही वाटलं की मला वाचू न देताच परत पाठवत. मला तेव्हा फार अपमान वाटायचा आणि मी तो तसाच लिहिला होता.

ह्यांनी सगळं वाचलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आईबद्दलचं तेवढं काढशील?"

लाल चौकटीवर चिडणं सोपं होतं. इथे समोर आई गमावलेला मुलगा बसला होता, आणि मला त्याची कीव आली.

"नाही काढणार," मी म्हणाले.

ह्यांनी पान शेवटपर्यंत खाली सरकवलं. मग म्हणाले, "खाली मला लिहिता येतं का?"

"येतं की. नाव नोंदवा."

मी स्वयंपाकघरात गेले. पोळ्या होईपर्यंत एका बोटाने टकटक चालू होती. परत येऊन पाहिलं तर माझ्या लिखाणाखाली एका नव्या सभासदाने लिहिलं होतं:

'ती पुस्तकं परत करायला मीच जात असे. वाटेत बागेत बसून वाचायचो आणि मग द्यायचो. चांगली होती. हिला सांगायला हवं होतं.'