म्हशीची गाणी

आमच्या शेजारच्या काकूंची म्हैस गाणं लावल्याशिवाय पान्हा सोडत नसे. निदान काकूंचं म्हणणं तसं होतं, आणि धाराशिवकडच्या वाशीजवळच्या आमच्या गावात त्यावर कुणी कधी वाद घातला नाही. संध्याकाळी धारेची वेळ झाली की भिंतीपलीकडून हाक यायची, "लाव की गं तुझं ते गाणं. म्हस खोळंबलीया." मग मी टेप उचलून खिडकीत ठेवायची.

त्या टेपातली कॅसेट ही मी आयुष्यात विकत घेतलेली पहिली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला वाशीच्या बाजारात कंपासपेटी घ्यायला सोडलं आणि स्वतः बियाण्याच्या दुकानात शिरले. मी मात्र कॅसेटच्या गाड्यापाशी थबकले. एका कॅसेटवर पोपटी लुगड्यातली झोक्यावर बसलेली बाई होती, त्या लुगड्याला मी भुलले. घरी आणून लावल्यावर कळलं, की सगळी नवराबायकोच्या लाडीगोडीची गाणी आहेत. अण्णांनी टेप घेतला होता कीर्तनं ऐकायला. त्यांनी कपाळाला हात लावला, आई पदराआड हसली, आणि मी वर्षभराची भूमिती मैत्रिणीच्या कंपासपेटीवर काढली.

काकू तेव्हा पस्तिशीच्या असतील. नवरा तापानं गेला तेव्हा त्यांचा मुलगा रांगत होता. त्या नव्यानं नांदायला आल्या तेव्हा पंचमीच्या फेरात त्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा, असं आई सांगायची. मी पाहिलेल्या काकू पंचमीला झोक्याच्या झाडाकडं पाठ करून कडबा तोडत बसायच्या. गाऊ नको, ऐकू नको, अशी ताकीद त्यांना कुणी दिली नव्हती. आमच्याकडं ती द्यावी लागत नाही, बाईच ती स्वतःला देते.

एकदा मी शहाणपणा करून अण्णांची भजनाची कॅसेट लावली. म्हटलं, याला तर कुणाची हरकत नसेल. पलीकडून लगेच आवाज आला, "हे नगं गं. भजनानं म्हशीला झोप येती." मग मी मुकाट्यानं आपली कॅसेट घातली. दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं होतं, त्यात नवी नवरी रुसलेल्या नवऱ्याला जेवायला उठवते. ते म्हशीचं सगळ्यात लाडकं. त्या दिवशी भिंतीवरून डोकावले तर काकू धार काढत होत्या, गाल म्हशीच्या पोटाला टेकवलेला, डोळे मिटलेले. गाणं संपलं तशी त्यांनी चरवी खाली ठेवली आणि दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. माफी कुणाची मागत होत्या, हे त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

सगळ्या गल्लीला खरं काय ते कळत होतं. एकाच घरात राहणारे त्यांचे थोरले दीर मोठे कडक, गावात त्यांच्यापुढं कुणी बिडी ओढत नसे. पण ते रानातून आले की गोठ्याकडं न बघता, बाहेरूनच विचारायचे, "झाली का म्हशीची गाणी?" काकू आतून म्हणायच्या, "व्हय, झाली." मगच ते अंगणात पाऊल टाकायचे. कधी "न्हाय अजून" असं उत्तर आलं, तर पुन्हा पारावर जाऊन बसायचे.

पुढं ती म्हैस म्हातारी झाली, तिची वगार मोठी होऊन व्याली, तर तिलाही तेच गाणं लागायला लागलं. "रगतातच हाय तिच्या," काकू अगदी गंभीरपणे सांगायच्या. मात्र म्हैस आटली की गाणंही बंद. अशा महिन्यांत मी आपणहून टेप लावला तर म्हणायच्या, "राहू दे. भाकड जनावराला कशाचं गाणं?" तेवढे दिवस त्या कुणाशी धड बोलायच्या नाहीत. हे मी एकदा नाही, वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ते पाहूनही पुढं मी जे केलं, त्याला काय म्हणावं?

मी धाराशिवला नोकरीला लागले तेव्हा टेप आणि कॅसेट त्यांच्या गोठ्यातल्या खुंटीवर अडकवून आले. कॅसेटची फीत झिजून तुटल्यावर तीच गाणी एका छोट्या स्पीकरमध्ये भरून दिली. बटण कुठलं दाबायचं ते त्यांनी म्हशीसमोर उभं राहूनच शिकून घेतलं.

मग एका पावसाळ्यात त्या गोठ्यात घसरून पडल्या. गुडघा सुजला. मुलगा पुण्याला नोकरीत, त्याचा मला फोन आला. "ताई, आई तुमचंच ऐकती. म्हस इकायला लावा की." मी रविवारी गेले आणि भाषण ठोकलं. किती राबायचं, आता बसून खायचे दिवस, दूध काय पिशवीतलंही मिळतं. काकू म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तू शिकलेली हायस. तू म्हणतीस तर इकू." पुढच्या बाजाराला म्हैस गेली. त्या रविवारी परतताना एसटीत मी स्वतःवर खूश होते.

दिवाळीला गेले तर गोठा धुऊन स्वच्छ, तिथं त्यांच्या पुतण्याची मोटारसायकल उभी. स्पीकर कोनाड्यात फडक्याखाली झाकून ठेवलेला. मी म्हटलं, "काकू, लावू का गाणं?"

"कुणासाठी गं? म्हस तर गेली."

"तुमच्यासाठी."

त्यांनी जीभ चावली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "मला कशाला? ह्या वयात लोकं शेण घालतील की तोंडात."

मी म्हटलं, बरं, मग मला ऐकायचंय. आणि बटण दाबलं. रुसलेल्या नवऱ्याच्या त्या गाण्याची पहिली ओळ सुरू झाली न झाली, तोच काकू गुडघा धरत उठल्या, आत गेल्या आणि भांडी घासायला बसल्या. भांडी घासलेलीच होती. गाणं कानावर पडू नये एवढ्या जोरात त्या ती आपटत होत्या. मी स्पीकर बंद केला. त्या क्षणी मला कळलं, की मी त्यांचे कष्ट नाही, त्यांचा आडोसा विकायला लावला.

मी मुलाला फोन करून म्हटलं, एक म्हैस पुन्हा घ्या. तो हसला. "ताई, तुम्हीच तर इकाय लावली." त्याला खरं सांगावं, तर चाळीस वर्षं सगळ्या गल्लीनं झाकलेलं मीच उघडं करायचं. मी सांगितलं नाही. एक्स-रेपासून गोळ्यांपर्यंत काकूंचं सगळं मी केलं, पण ते एक काही मला परत आणून देता आलं नाही.

काकू गेल्या त्याला आता वर्ष होईल. दहाव्याला मुलानं चारचौघांत माझ्यापुढं हात जोडले. "ताईंमुळं आईला शेवटी सुख लागलं. न्हायतर शेवटपर्यंत शेणातच राबली असती." बायांनी माना हलवल्या. भिंतीला टेकून थोरले दीर बसले होते, आता नजर अधू झालेले. ते माझ्या बाजूला तोंड करून हळूच म्हणाले, "म्हस गेल्यापासनं मला घरात कधी यावं तेच कळंना, पोरी. आतनं कुणी सांगायचंच न्हाय."

त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. तरी मला मान वर करता आली नाही.