पंचमीच्या आधी येणारं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात ज्या कृष्णेला आम्ही हात जोडले, तीच पुढं श्रावण आला की घरात शिरायला लागली. माझं सासर अगदी नदीकाठी. रानातला ऊस बुडाला की सासूबाई म्हणायच्या, "भरा गाठोडी." मग पोरं, म्हशी, पिठाचे डबे घेऊन आमची वरात इस्लामपूरच्या वर, माळावरच्या माझ्या माहेरी.

माहेरी आई आणि वहिनी. भाऊ पलटणीत, त्यामुळं आमचं सगळं खटलं वहिनीच्या चुलीवर. ती भाकरी थापायची आणि मी खायचे. माहेरी आलेल्या लेकीनं चुलीपाशी बसायचं नाही, हा आईचा दंडक. मलाही ते गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू? सासरी राबून अंग मोडलेलं असायचं. पण वहिनीही कुणाची तरी लेक आहे, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

पंचमीला तिचा भाऊ मलकापूरहून तिला न्यायला यायचा. त्याच्याआधी आमचं पाणी आलेलं असायचं. एका वर्षी तो दारातच म्हणाला, "आक्का, आई लय थकलीया. तुजंच नाव घेतीया. चल."

वहिनीनं माझ्या आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. आई म्हणाली, "पुरातनं आलेली माणसं टाकून कशी येईल ती? पाणी उतरल्यावर धाडते." मी नुसतं "जा वहिनी, चुलीचं मी बघते" म्हटलं असतं, तर आईनं काय मला खाल्लं असतं? पण म्हटलं नाही. पदराशी चाळा करत बसले. तो चहा पिऊन एकटाच परत गेला. पाणी उतरायच्या आत त्याचा सांगावा आला. वहिनीची आई गेली होती.

पुढच्या श्रावणात पुन्हा पाणी आलं. या खेपेला मी आल्या आल्या पदर खोचला, आईला गप बसवलं आणि परातीत पीठ घेतलं. म्हटलं, "वहिनी, तुमी पंचमीला जा. मी हाय न्हवं."

वहिनीनं माझ्यापुढची परात हळूच ओढून घेतली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आता तिथं कोण वाट बघतंय माजी? उठा वन्सं, माह्यारी आलायसा तुमी."