टेम्पररी देव

आमच्या देवघरातले देव टेम्पररी आहेत, ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्या आईला तर नाहीच नाही.

टेम्पररी या शब्दाला इंग्रजीत थोड्या काळापुरता असा काहीतरी अर्थ असेल. आमच्या उंबऱ्याच्या आत येताना त्याने तो चपलांबरोबर बाहेर काढून ठेवला. न्हाणीघरातल्या नळाला मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा टेम्पररी बांधला होता. नंतर नळ बदलला, तुकडा अजून आहे (नव्या नळाला!). बायकोच्या मावसभावाने घर बदलताना एक लोखंडी कपाट आमच्या हॉलमध्ये टेम्पररी ठेवलं. त्याला मुलगी झाली, ती शिकली, तिचं लग्न झालं, आणि आम्ही त्या कपाटावर आहेराची पिशवी ठेवून लग्नाला गेलो. मी स्वतः नोकरीला लागलो तो टेम्पररीच. मुलगी बघायला येवल्याला गेलो तेव्हा सासरेबुवांनी विचारलंच, "मुलगा पर्मनंट कधी होणार?"

आई म्हणाली, "माणूस पर्मनंट हाय. नोकरीचं बघू पुढं."

या शब्दाची खरी ताकद मला फार उशिरा कळली. 'तात्पुरतं' म्हटलं की समोरचा विचारतो, कधीपर्यंत? 'टेम्पररी' म्हटलं की कोणी काही विचारत नाही. सिंहस्थाच्या नावाने आमच्या कोपऱ्यावर रस्ता खणलाय, पत्रे लावून टेम्पररी वळण काढलंय. त्या वळणावर आता चहाची टपरी आहे, पाणीपुरीची गाडी आहे, आणि परवा एक छोटा मारुतीही बसला. कोणी विचारलं का? मीही त्याच शब्दाच्या आडोशाला इतकी वर्षं उभा आहे.

झालं असं, की एका उन्हाळ्यात आम्ही स्वयंपाकघराच्या फरश्या बदलायला काढल्या. आमचं देवघर स्वयंपाकघरातच. धुळीचा त्रास नको म्हणून आई मामाकडे गेली, निफाडच्या पुढे. बायको, म्हणजे मंगल, मुलीला घेऊन येवल्याला माहेरी. घरी मी आणि फरशीवाला मिस्त्री.

निघताना आईने देव्हाऱ्यातले तिन्ही टाक लाल फडक्यात बांधले आणि माझ्या ओंजळीत दिले. खंडोबा, भवानी आणि घराण्याचा वीर. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, बोटभर उंचीचे. माझ्या आजीने आईला सोपवलेले. आई लग्न होऊन आली त्या दिवसापासून रोज त्यांना अंघोळ घालत आलेली. अंगठ्याने चोळून, पुसून, गंध लावून. त्या अंगठ्याखाली खंडोबाचा चेहरा पार सपाट झाला होता. नाक नव्हतं, डोळे नव्हते, घोड्याला मोजून अडीच पाय उरले होते. माहीत नसलेल्या माणसाला तो खंडोबा आहे हे सांगावं लागायचं. आईला नाही.

मी म्हटलं, "आई, तूच घेऊन जा ना बरोबर."

"आपले देव दुसऱ्याच्या उंबऱ्यात कशाला? ते घरचे हायत, पाव्हणे नायत. रोज अंघोळ घाल नि दिवा लाव. जमंल ना?"

"न जमायला काय झालं!"

"आणि ठिवशील कुठं?"

"टेम्पररी कुठेतरी ठेवतो चांगल्या जागी. तू काळजी करू नकोस."

पहिल्या दिवशी मी देवांना अंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री लवकर आला, म्हणून टीव्हीखालच्या कप्प्यातच हात जोडले. मग मिस्त्रीला तो कप्पा हलवायचा होता, म्हणून देव फ्रिजवर गेले. फ्रिज बाहेर काढायचा होता, म्हणून कपाटावर (मावसभावाच्याच!). कपाटावर सिमेंट उडायला लागलं, म्हणून आणखी कुठेतरी. आणि मग कामाच्या गडबडीत मी देवांना विसरलो, हे सरळ सांगून टाकतो. आठवण झाली ती आईचा फोन आला तेव्हा.

"निवद दावला का रे?"

"दाखवला."

"कशाचा?"

"...पोह्यांचा."

"बरं झालं. उद्या येते मी. जीव लागंना हितं."

मी फोन ठेवला आणि देव काढायला उठलो. कपाटावर नव्हते. फ्रिजवर नव्हते. मी गव्हाची कोठी उपसली, गाद्या झटकल्या, शिलाई मशीनचं पोट उघडलं. शेवटी चपलांचं स्टँडसुद्धा पाहिलं, आणि तिथे सापडू नयेत म्हणून त्याच देवांना नवस बोललो! मिस्त्री शांतपणे फरशीला पांढरं सिमेंट भरत होता.

"लाल फडकं पाहिलं का हो कुठे?"

"फडकी बरीच होती साहेब. राडारोड्यात गेली असंल एखादी. ट्रॅक्टर सकाळीच गेला."

माझ्या पायाखालची नवीन फरशी सरकली (ती तशी पुढेही सरकलीच, पण तो मिस्त्रीचा विषय). मी स्कूटर काढली आणि नासर्डी नदीच्या काठी, जिथे आमच्या भागातला राडारोडा टाकतात, तिथे पोचलो. भर उन्हात काठीने विटांचे तुकडे उलथत होतो. शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला.

"काय हुडकताय?"

"देव."

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "घावला तर आमालाबी सांगा," म्हणाला आणि शेळ्या हाकत गेला.

देव घावला नाही. तिथून मी सराफ बाजारात गेलो. सोनाराने गल्ल्यावरूनच विचारलं, "कुलदैवत?"

"खंडोबा, भवानी, वीर. पण जरा जुने द्या."

"जुने म्हणजे?"

"वापरलेले."

"साहेब," तो चष्मा खाली घेत म्हणाला, "देव सेकंडहँड मिळत नाहीत."

मी नवे घेतले. जुने सापडेपर्यंत, टेम्पररी! नव्या खंडोबाचा थाट काय वर्णावा. घोडा चारही पायांवर, हातात तलवार, आणि ओठांवर झुपकेदार मिशा. घरी येऊन मी गॅसच्या बर्नरची काजळी बोटाने तिघांच्या अंगाला फासली. देव्हाऱ्यात ठेवल्यावर ते बऱ्यापैकी जुने दिसले. जुने म्हणजे, नुकतेच कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी आई आली ती पिशवी ठेवून, हातपाय धुऊन थेट देवांपाशी. ताम्हणात पाणी घातलं, अंगठा फिरवला, आणि पाणी काळंकुट्ट झालं. त्या काळ्या पाण्यातून खंडोबा मिशांसकट लखलखत वर आला.

मी दारात उभा होतो. सांगायचंच ठरवलं होतं. अगदी तोंड उघडलं होतं.

आई वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सुभाष," ती म्हणाली, "तू देव उजळून आणलेस?"

आमच्याकडे लग्नकार्याच्या आधी टाक सोनाराकडे देऊन उजळून आणायची रीत आहे. काळे पडलेले, झिजलेले देव सोनार साफ करून देतो. आईच्या मनात तेच आलं; काजळी तिला सोनाराच्या भट्टीची वाटली. ज्या पोराने आयुष्यात निरांजनात वात घातली नाही, त्याने कोणी न सांगता देव उजळून आणले! माझ्या उघड्या तोंडातून एकच शब्द बाहेर पडला.

"हो."

संध्याकाळी मंगल आली. तिने देव्हाऱ्यात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो, उजळल्यावर मिशा येतात?"

"मळाखाली होत्या."

"आणि घोड्याचे पाय?"

"तेही मळाखालीच."

"इतका मळ?" ती म्हणाली. ते वाक्य आईने ऐकलं, आणि पुढे पंधरा दिवस घरात सासू-सुनेचं बोलणं बंद होतं. माझ्या खोटेपणाचा पहिला भुर्दंड मंगलने भरला, आणि कशाचा भरला हे तिला अजून माहीत नाही.

आईने सगळ्या सोसायटीला बोलावून देव दाखवले. बायका हळदीकुंकू घेऊन यायच्या, वाकून खंडोबाच्या मिशा बघायच्या आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायच्या की मी पायरीवरून पळ काढावा. मग एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या वैद्य काकू वाटीत अन्नपूर्णा घेऊन आल्या.

"सुभाषराव, हिची पळी झिजून गेलीय. तुमच्या सोनाराकडे येते का बघा की परत!"

"काकू, पळी कशी येईल..."

"खंडोबाला मिशा आल्या, मग अन्नपूर्णेला पळी यायला काय हरकत आहे?"

आई आतून म्हणाली, "नेईल की तो! त्याला लय आवड हाय आता देवाधर्माची."

मी अन्नपूर्णा नेली. सोनाराने पळीचा तुकडा डाग देऊन जोडून दिला. पळी आली! झालं. दुसऱ्या दिवशी दारात बिनहाताचा बाळकृष्ण, बिनफण्याचा नाग आणि एक गणपती, ज्याला सोंड कुठली आणि पोट कुठलं हे घरच्यांनाही सांगता येत नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं, सोनार गावाला गेलाय.

"कधी येणार?"

"टेम्पररी गेलाय."

पुढे कोणी काही विचारलं नाही. बघा, म्हणतो ना!

त्या सगळ्या कौतुकात आई एकदाच काहीतरी वेगळं बोलली. पूजा आटोपून मांडी मोडत होती. मी चहा पीत होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिशा आल्या रे. पण ओळख गेली."

"म्हणजे?"

"काय नाय. मी रोज अंगठा फिरवायची तर मला समजायचं, ह्यो खंडोबा, ही आई, ह्यो वीर. डोळं मिटून समजायचं. आता तिघंबी परके लागत्यात हाताला." आणि मग मला वाईट वाटेल म्हणून लगेच म्हणाली, "व्हईल सवय. तू हौसेनं केलंस."

त्या वाक्यानंतर मी त्या महिन्यात नीट जेवलो नाही. आईला वाटलं, मला ऑफिसात त्रास आहे.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी माळ्यावरून मखराचं खोकं खाली काढलं. थर्माकोलचे खांब बाजूला केले, आणि तळाशी, लायटिंगच्या माळांच्या गुंत्यात लाल फडकं. आता आठवलं. सिमेंट उडायला लागलं तेव्हा मीच म्हटलं होतं, देवांच्या सामानात देव, याहून चांगली जागा कुठली?

मी ते सोडलं. तिघेही होते. बिननाकाचा, अडीच पायांच्या घोड्यावरचा आमचा खंडोबा माझ्याकडे बघत होता. (डोळे नव्हते, तरी बघत होता.)

स्वयंपाकघर चार पावलांवर. आई मोदकांसाठी नारळ खवत होती. उठायचं, जायचं, तिच्या हातात ठेवायचं. एवढंच.

"काय घावलं रे?" तिने आतून विचारलं.

मला एकदम सगळं दिसलं. मंगलशी धरलेला अबोला. हळदीकुंकू घेऊन आलेल्या बायका. जिने पोराचं कौतुक सगळ्या सोसायटीत सांगितलं, तिला त्याच सोसायटीत जिना उतरायचा होता. सणासुदीला नको, म्हटलं. सण झाला की सांगू. तोवर टेम्पररी कुठेतरी ठेवू.

"काही नाही," मी म्हणालो. "जुनी लायटिंग."

तेव्हापासून आमचे खरे देव माझ्या ऑफिसच्या टेबलाच्या खालच्या खणात, जेवणाच्या जुन्या डब्यात आहेत. चंपाषष्ठीला घरी तळी उचलतो, 'येळकोट येळकोट' म्हणून सगळ्यांत मोठ्याने मी ओरडतो, भंडारा उधळतो, आणि मिशीवाल्या खंडोबाच्या नजरेला नजर देत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात खण उघडतो आणि डब्यावर चिमूटभर भंडारा टाकतो. एकदा शिपायाने पाहिलं. "साहेब, डब्यात काय?" मी म्हटलं, "ठेचा." आता तो डबा तो जपून पुसतो.

मधल्या काळात मी पर्मनंट झालो. मुलीचं शिक्षण झालं. आईला आता नीट दिसत नाही, पण अंघोळ अजून तीच घालते. मंगल ताम्हण पुढे सरकवते, आई चाचपडत एकेकाला उचलते.

गेल्या आठवड्यात मी शेजारी बसलो होतो. आई खंडोबाच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवत होती. थांबली. पुन्हा फिरवला.

"सुभाष, मिशा झिजाया लागल्या बघ."

मी वाकून पाहिलं. खरंच. झुपका गेला होता, नुसती रेघ उरली होती.

"आता कुठं वळखीचा वाटाया लागला," ती म्हणाली. चेहरा इतका निवांत, की मी तसा कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. "आता पुन्हा उजळाया नेऊ नको हां. मी हाय तवर असाच राहू दे."

"नाही नेणार," मी म्हटलं.

ताम्हणातलं पाणी स्वच्छ होतं. मी तिथून उठलो आणि ऑफिसला गेलो. खण उघडला, बंद केला.

आता डबा घरी आणला तर आईच्या अंगठ्याने एवढ्या वर्षांत कमावलेली ओळख मी दुसऱ्यांदा मोडणार. नाही आणला तर तिचे देव माझ्या खणात ठेचा म्हणून पडून राहणार. यातलं बरोबर कुठलं, हे मला कळत नाही. एवढंच कळतं, की मी आईचे तीन देव आणि एक खरं वाक्य देणं लागतो. चारही सध्या माझ्याकडेच आहेत. टेम्पररी.