वडिलांच्या बंदुकीची चकती

डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत दोन वस्तूंना हात लावायचा नाही असा दंडक होता. एक आईची लोणच्याची बरणी आणि दुसरी वडिलांची बंदूक. बरणीला आम्ही सर्रास हात लावायचो.

वडील लष्करातून सुटून आले आणि लोअर परळच्या एका गिरणीत पहाऱ्यावर लागले. बंदूक त्यांची स्वतःची, परवाना त्यांच्या नावाचा. परवान्याची बंदूक घेऊन येणाऱ्या पहारेकऱ्याला गेटाच्या आत खुर्ची मिळायची, बाकीचे काठी घेऊन बाहेर उन्हात. शिवाय बंदूक आल्यापासून गिरणीत त्यांना ‘हवालदार’ म्हणू लागले होते. त्याआधी जातीवरून हाक मारणारे तिथं कमी नव्हते. त्यामुळे घरात बंदुकीबद्दल कुणी चेष्टेनं बोललेलं वडिलांना खपायचं नाही. आई सोडून.

बंदूक त्यांनी गिरगावातल्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाकडून घेतली होती. त्याचे शिकारीचे दिवस सरले होते. ती लष्करातल्या रायफलीसारखी लांब नव्हती, चांगली हातभर आखूड होती. तिची गंमत अशी की साहेब लोकांच्या जुन्या रिव्हॉल्वरात जी बुटकी गोळी जायची तीच हिच्यातही चालायची. घोड्याखाली एक लोखंडी कडी होती. ती खाली ओढून वर घेतली की आतली गोळी बाहेर उडायची, झाडलेली असो की न झाडलेली, आणि पुढची तिच्या जागी यायची. त्या कडीचा आवाज मला अजून जसाच्या तसा आठवतो. मी धंद्यानं टर्नर. घोडपदेवच्या एका छोट्या वर्कशॉपात लेथवर उभा असायचो, आणि चांगल्या बसलेल्या लोखंडाचा आवाज मला कळतो.

वडिलांनी त्या बंदुकीला नवी करायचा ध्यासच घेतला होता. पारशी उंच, वडील बुटके. म्हणून खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता त्यांनी दोन बोटं आखूड करून घेतला. त्याला जुनी चीर होती, तिच्यात गिरणीतल्या मोडक्या धोट्याच्या लाकडाची पाचर ठोकली आणि वरून पॉलिश मारलं. पाचर कुठली ते हात फिरवूनही कळायचं नाही. खांद्यावर अडकवायला पट्टा केला तोही साच्यावरच्या, म्हणजे गिरणीतल्या मागावरच्या, जुन्या चामडी पट्ट्याचा. दर रविवारी ते अंगावर बनियन घालून दारात बसत आणि नळी तेलाच्या फडक्यानं साफ करत. आई म्हणायची, “माझ्या केसाला कधी एवढं तेल मिळालं नाय.”

पण खरी अडचण दस्त्याची नव्हती, डोळ्यांची होती. पन्नाशी गाठल्यावर त्यांना जवळचं दिसेनासं झालं, लांबचंही धुरकट झालं. वर्षातून एकदा गिरणीचा सुरक्षा अधिकारी सगळ्या बंदूकवाल्यांना ट्रकमध्ये घालून ठाण्याच्या पलीकडच्या एका दगडखाणीत न्यायचा आणि पाच-पाच गोळ्या पत्र्यावर मारायला लावायचा. त्या वर्षी वडिलांच्या पाचातल्या दोनच पत्र्याला लागल्या. “पुढच्या वर्षी बघू,” एवढंच साहेब म्हणाला. वडील घरी येऊन जेवले नाहीत.

चष्मा लावला की झालं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण चष्मा लावलेल्याच्या हातात बंदूक द्यायची नाही असा त्या साहेबाचा खाक्या होता, आणि एका पहारेकऱ्याला त्यानं तेवढ्यावरून घरी बसवलं होतं. चष्मा म्हणजे कबुलीच. खुर्ची गेली असती आणि ‘हवालदार’ही गेलं असतं.

“शेवटी शेवटी आमाला ज्या रायफली दिल्या, त्यांना मागं नेम धरायची खाच नव्हती,” एकदा वडील मला म्हणाले. “बारीक भोक होतं. त्यातनं बघितलं का सगळं साफ दिसायचं. तसं काय तुला जमंल?”

वडिलांनी माझ्याकडं काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. मी हवेत गेलो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पितळेची एक कांडी लेथला बांधली आणि आठ आण्याच्या नाण्याएवढी चकती कापली. पहिलं भोक मोठं पडलं, खाचेत आणि त्याच्यात काही फरक राहिला नाही. दुसरं इतकं बारीक की नुसता अंधार. तिसऱ्या चकतीचं भोक अर्ध्या सुतापेक्षा थोडं कमी आलं, कडा आतून घासून काळी केली, आणि ते बरोबर जमलं. कायद्यानं बंदुकीला हात लावायचा मला अधिकार नव्हता, म्हणून चकती आणि तिची दांडी मी केली आणि घोड्याच्या मागं दोन स्क्रूंनी बसवली ती वडिलांनी. त्यांनी नेम धरून समोरच्या चाळीकडं पाहिलं. बराच वेळ बंदूक खाली घेतली नाही.

“काय दिसतंय, आबा?” मी विचारलं.

“तिसऱ्या माळ्यावर एक बाई तांदूळ निवडतेय,” ते म्हणाले. “खडा काढून टाकला. दिसला.”

मग चकतीचा आणखी एक उपयोग त्यांना सापडला. दांडीवरून ती सोडवून ते डोळ्याला लावायचे आणि पेपर वाचायचे. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. पेपरात दुसरं काही नसायचंच. मुंबई महाराष्ट्राला देणार की नाही, कोण कुठं बोललं, कुठं मिरवणूक अडवली. एका डोळ्याला पितळ लावून, दुसरा गच्च मिटून, एकेक ओळ ते वाचत. आई शेजारणीला सांगायची, “आमच्याकडं पेपर बंदुकीनं वाचतात.” वडील हसायचे. त्या दिवसांत ते बरेच हसत.

पुढच्या वर्षी खाणीत पाचच्या पाच गोळ्या पत्र्याला लागल्या. साहेबानं चकती हातात घेऊन उलटीपालटी केली, कुणी बनवली विचारलं, आणि वडिलांच्या पाठीवर थाप मारली. घरी गोडाचा शिरा झाला. मी मनात म्हटलं, वडिलांची नोकरी मी वाचवली. मला त्याचा अभिमान वाटत होता आणि तो मी लपवतही नव्हतो.

नंतर मुंबईसाठी पुकारलेल्या हरताळाचा दिवस आला. आमचं वर्कशॉप आदल्या दिवशीच बंद झालं होतं. आम्ही घोडपदेवहून निघालो, वाटेत माणसं वाढत गेली, आणि एकेका गिरणीच्या दारात थांबून आतल्या कामगारांना बाहेर या म्हणत पुढं चाललो. मी मोर्चात जाणार हे घरी सांगितलं नव्हतं. वडिलांना ते आवडलं नसतं असं नाही. संध्याकाळच्या सभांना ते स्वतः जायचे, मागं उभे राहायचे. पण पहाऱ्याची वेळ आली की ते पहारेकरी. त्यांची गिरणी मालकांनी चालू ठेवली होती, हे मला माहीत होतं. आम्ही तिच्याच दारात येऊन थांबू याचा मी विचार केला नव्हता.

गेटाशेजारच्या चौकीच्या पत्र्याच्या छपरावर वडील उभे होते. खाणीत पाच मारणाऱ्यालाच साहेबानं वर चढवलं होतं. म्हणजे ते तिथं माझ्या चकतीमुळं उभे होते. मी चौथ्या-पाचव्या रांगेत, त्यांच्यापासून पंचवीसएक पावलांवर. घोषणा चालू होत्या. मागून कुणीतरी दगड मारला, तो गेटावर वाजला. मग आणखी दोन-तीन. आतून साहेब ओरडला, “हवालदार, नेम धरा!”

वडिलांनी बंदूक खांद्याला लावली.

नळी आमच्या बाजूला होती. मला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी माझ्या मनात आलं की चकती सरळ बसली आहे. याची मला आजही लाज वाटते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ओरडणारे गप्प झाले. वडिलांची मान थोडी हलली, परत स्थिर झाली. मग त्यांनी बंदूक खांद्यावरून उतरवली, नळी आभाळाकडं केली आणि कडी खाली ओढली. एक गोळी उडून पत्र्यावर पडली. परत कडी, परत गोळी. सावकाश, रविवारी दारात बसून साफ करताना करत तसं. सात गोळ्या पत्र्यावरून घरंगळत पन्हळीत गेल्या. ते शिडीनं उतरून आत गेले. मोर्चात कुणीतरी शिट्टी वाजवली, पण ती कुणी उचलून धरली नाही. थोड्या वेळानं आम्ही पुढं सरकलो. त्या दिवशी त्या गेटावर काहीही झालं नाही. मुंबईत दुसरीकडं गोळ्या चालल्या, ते सगळ्यांना माहीत आहे.

गिरणीनं वडिलांकडून लेखी जबाब मागितला. त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. एकच वाक्य होतं: डोळे काम देत नाहीत, समोरचं नीट दिसलं नाही. जी गोष्ट दोन वर्षं जिवापाड लपवली तीच त्यांनी सही करून दिली. आठवड्याभरात नोकरी गेली. परवाना नोकरीच्या आधारावर मिळालेला होता, तो नव्या वर्षाला पुढं चालू झाला नाही, आणि बंदूक एका हत्यारांच्या दुकानदारानं नेली. नेताना वडिलांनी चकती तेवढी काढून घेतली. ती टांगायचा भिंतीवरचा खिळा रिकामा राहिला. त्याच वर्षी दसऱ्यानंतर आमच्या घरात बुद्धाची तसबीर आली, ती आईनं त्या खिळ्याला लावली.

पुढं वडील एका शाळेत घंटा वाजवायला लागले. तिथं चष्मा चालत होता. तो त्यांनी घेतला.

मी त्यांना त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नाही. गरज वाटली नाही. बापानं भोकातून पाहिलं, गर्दीत स्वतःचा मुलगा दिसला, बंदूक खाली आली. यात विचारण्यासारखं काय होतं? भोक मी पाडलेलं आणि दिसलोही मी. माझ्यापायी त्यांची नोकरी गेली याचं मला वाईट वाटायचं, आणि आतून बरंही वाटायचं. पुढची चार वर्षं मी हे असंच धरून होतो.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी दुपारी चाळीत पताका लावायचं काम चाललं होतं. वडील दारात पेपर घेऊन बसले होते, चष्मा लावून. मीही बाजूला बसलो आणि कसं कुणास ठाऊक, बोलून गेलो, “आबा, त्या दिवशी मी नसतो तर तुम्ही बंदूक खाली घेतली असती का?”

त्यांना कळलंच नाही. “कुठल्या दिवशी?”

“गेटावर. पत्र्यावर होतात तेव्हा.”

“तू तिथं कुठं होतास?” ते म्हणाले. मग आठवत म्हणाले, “एक जण होता पुढं. मी ओळखत नाय त्याला. शर्टाचं वरचं बटन तुटलेलं. तिथं पिन लावली होती, ती चमकत होती उन्हात. घाईत निघताना घरातल्या बाईनं लावून दिली असणार. मंग मी कसा मारणार?”

चार वर्षांचा माझा समज एका पिनेवर गेला. आधी वाईट वाटलं ते माझंच, की मी दिसलो नव्हतो.

वडील माझ्याकडं पाहत होते. त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला.

“तू होतास तिथं?” त्यांनी परत विचारलं.

“चौथ्या-पाचव्या रांगेत. त्याच्या मागंच.”

त्यांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं काचा पुसायला घेतल्या. काचा स्वच्छ होत्या. पताका लावून झाल्या, आईनं चहा आणून ठेवला, तो निवला, तरी ते पुसतच होते.