पाण्याखाली बोलता येत नाही!

पाण्याखाली बोलता येत नाही, आणि आमच्या अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी डायव्हिंग ग्रुपला नेमकं तेच सहन होत नाही. चाळीस मिनिटं तुंबलेलं सगळं बोटीवर चढल्या चढल्या बाहेर पडतं. आमच्याकडे किस्से साठतात ते असे!

*

क्लासचा पहिला दिवस. रिटायर्ड इंजिनिअर वैद्यकाका इन्स्ट्रक्टर डेव्हला ऐटीत म्हणाले, "मी साताऱ्याच्या विहिरीत पोहायला शिकलो. कमरेला रिकामा डबा बांधून, बुडू नये म्हणून!"

डेव्हने त्यांच्या कमरेला शिशाचा पट्टा बांधला. "इथे बुडावं म्हणून बांधतो."

*

वैद्यकाकू गणिताच्या शिक्षिका. पाण्याखाली मास्क काढायचा, परत घालायचा, नाकाने फुंकून आतलं पाणी बाहेर घालवायचं, या परीक्षेत त्या तीनदा नापास झाल्या. हे जमल्याशिवाय सर्टिफिकेट नाही, आणि कोरल रीफ बघायचं तर त्यांनी मनावरच घेतलं होतं.

काका म्हणाले, "अगं, तू बोटीत बसून डबे सांभाळ की!"

काकूंना ते फार लागलं. महिनाभर रोज बाथटबमध्ये मास्क लावून प्रॅक्टिस केली आणि चौथ्यांदा पास झाल्या. काकांशी मात्र दोन दिवस बोलल्या नाहीत.

*

मग आम्ही कॅरिबियनमध्ये सेंट क्रॉयला गेलो. नागपूरचा निखिल तीन प्लेट पोहे चापून बोटीत बसला. अर्ध्या तासात कठड्यावर ओणवा! खाली रंगीबेरंगी माशांची झुंबड उडाली.

काकूंनी वाकून बघितलं. "वाया नाही गेलं रे काही!"

*

पहिल्या डाइव्हनंतर सगळ्यांनी लॉगबुकात माशांची नावं लिहिली. काकू माहेरच्या मालवणच्या. त्यांनी लिहिलं, "एक तळायचा, दोन तिखल्याचे, एक नुसताच शोभेचा."

*

दुसरी डाइव्ह. समोरून कासव आलं, निखिल गर्रकन वळला आणि त्याच्या पायातल्या फिनचा फटका काकांच्या मास्कला बसला. मास्कमध्ये पाणी! काका हातपाय झाडत वर निघाले. तिथून एकदम वर जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

काकूंनी त्यांचा पट्टा धरून खाली ओढलं, मास्क कपाळाशी दाबला आणि नाकावर टिचकी मारली. काकांनी फुंकलं. पाणी गेलं, पण धाप थांबेना, नजर वरच. तेव्हा काकूंनी सोबतच्या तिथल्या गाइडची पाण्याखाली लिहायची पाटी हिसकावली, काहीतरी खरडलं आणि काकांच्या डोळ्यांसमोर धरलं.

मी डोकावून वाचलं. "नीट श्वास घ्या. ओरडायचं ते मी वर गेल्यावर ओरडेन."

काकांनी मुकाट्याने श्वास घेतला. पुढची वीस मिनिटं काकूंचा हात धरून त्यांनी अख्खं रीफ पाहिलं.

बोटीवर गाइड ती पाटी उलटीसुलटी करत होता. "सर, काय लिहिलंय हे?"

काका चष्मा पुसत म्हणाले, "सेफ्टी प्रोसिजर. आमच्या घरची."