कायमची कल्हई

दिल्लीच्या करोलबागेत आम्ही भाड्याने राहत होतो तोवर कल्हईवाला गल्लीत येत असे. भात्याने निखारे फुलवून तो पातेलं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघाला की कथिल घालून कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचा. थर अगदी पातळ, पण तेवढ्याने पितळ आणि चिंच यांची गाठ पडत नसे. झिजला की पुन्हा लावायचा. भांडं तेच राही. आईचं पितळी पातेलं असंच तिच्या लग्नापासून चाललं होतं.

मग उदारीकरण आलं आणि आम्ही फरीदाबादच्या नव्या सेक्टरमध्ये फ्लॅट घेतला. तिथे केबलवाला आला, कर्जावर गाड्या विकणारे आले. कल्हईवाला आला नाही.

मी रसायनशास्त्र शिकलेला, गाड्यांच्या सुट्या भागांना निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात नोकरीला. आई म्हणाली, ‘‘तुझ्याकडे एवढी लोखंडं चमकतात, माझं एक पातेलं नाही चमकणार?’’ तिने ते फडक्यात बांधून दिलं. जेवणाच्या सुट्टीत मी ते निकेलच्या हिरव्या पाण्याच्या टाकीत टांगलं, बंपरच्या पट्ट्यांशेजारी.

हा मुलामा विजेने चढतो, आणि विजेला खोल जागा आवडत नाही. ती समोर दिसेल त्या पृष्ठभागावर धातू बसवते. भांड्याच्या तळापर्यंत जायचं तर आत निकेलचा एक वेगळा तुकडा सोडावा लागतो. हे मला माहीत होतं. तुकडा शोधायला वेळ लागला असता आणि साहेब जेवून परत यायचे होते. पातेलं बाहेरून आरशासारखं निघालं. आत तळाशी दिसण्यापुरतं पांढरं होतं.

‘‘ही कायमची कल्हई,’’ मी आईला सांगितलं. ‘‘आता आमटी रात्रभर ठेवलीस तरी चालेल.’’

हे दुसरं वाक्य कोणी मागितलं नव्हतं.

आईने ते मनावर घेतलं. फरीदाबादेत आम्हा मराठी घरांचा एक रिवाज पडला होता. होळीला जो तो आपापल्या घरी पुरणपोळी करी. दुसऱ्या दिवशी, दिल्लीकर रंग खेळतात तेव्हा, सगळे रंगलेल्या तोंडाने आमच्याकडे जेवायला येत, ते आईच्या आदल्या दिवशीच्या कटाच्या आमटीसाठी. ती मुरलेलीच हवी असे. पूर्वी आई आमटी उकळली की लगेच चिनी मातीच्या बरणीत काढायची. त्या होळीला काढली नाही. तोवर रोजच्या घासण्याने आणि डावाने तळाचं पांढरं कधीच निघून गेलं होतं. कल्हई असती तर तिने दर वेळी आत बोट फिरवून पाहिलं असतं. कायमच्या गोष्टीत कोण बोट फिरवतं?

आमटी कळकली. जरा हिरवट दिसत होती, पण त्या दिवशी माणसंही हिरवीच होती. दोन-दोन वाट्या झाल्यावर बँकेतले काका तोंडावर हात धरून बाल्कनीत गेले, मग त्यांची बायको, मग रांगच लागली. बाथरूम एकच. त्यांची मुलगी गोड पोळीवरच जेवली होती, ती वाचली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर त्यांना विनोद सुचला.

‘‘काकू, बिल्कुल खरं सांगा, भांग घातली होती ना?’’

आई हसली नाही. उरलेली आमटी घेऊन ती मोरीपाशी उभी राहिली. ‘‘ही ओतू कुठे? कुंडीत नको, तुळस जळेल.’’ शेवटी तिने ती मोरीत ओतली आणि वर बराच वेळ पाणी सोडत राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, ‘‘माझा हात गेला आता.’’

मी पातेल्यात पाहिलं. तळ पिवळाधमक होता. मी ते पालथं घातलं.

पुढच्या होळीला आईने कोणाला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत ती पोळ्या लाटायला बसे. फोडणीजवळ जात नसे. लोक म्हणत, ‘‘काकूंना चुलीपासून लांब ठेवा यार, नाहीतर भाषणं कोण ऐकणार?’’ मीही हसायचो. न हसणं संशयास्पद दिसलं असतं.

मग एका रविवारी मी अंघोळ करून बाहेर आलो तर आई दारात कबाडीवाल्याशी हिंदीत घासाघीस करत होती. तराजूत ते पातेलं.

‘‘हे कशाला देतेस?’’

‘‘हातच राहिला नाही, भांडं कशाला?’’

‘‘हात ठीक आहे तुझा,’’ मी म्हणालो. ‘‘आतून मुलामा बसलाच नव्हता.’’

कबाडीवाल्याला मराठी येत नव्हतं, तरी त्याने तराजू खाली ठेवला.

‘‘कधीपासून माहीत आहे?’’

‘‘टाकीतून काढलं तेव्हापासून.’’

आईने पातेलं उचलून आत नेलं. त्या दुपारी मी पातेलं आतून काचकागदाने घासलं, शेगडीवर तापवलं आणि कारखान्यातून आणून ठेवलेल्या नवसागराने आणि कथिलाने कल्हई केली. थोडी ओबडधोबड झाली. धूर पाहून खालचे सरदारजी पाण्याची बादली घेऊन वर आले.

आई तोवर फोनवर होती. ज्यांनी ती आमटी खाल्ली होती त्या प्रत्येक घरी तिने फोन लावला. ‘‘मी बोलतेय. त्या होळीची आमटी आठवते? माझी चूक नव्हती. मुलाने पातेल्याला मोटारीचं पॉलिश केलं होतं. हो, रसायनशास्त्राची पदवी आहे त्याच्याकडे.’’ बँकेतल्या काकांकडे तिने हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा फोन त्यांच्या बायकोने उचलला होता.

सगळे फोन झाल्यावर तिने मला विचारलं, ‘‘तुमच्या टाकीतलं ते हिरवं पाणी. खराब झालं की कुठे ओतता?’’

‘‘मागच्या नाल्यात.’’

‘‘नाला कुठे जातो?’’

‘‘यमुनेत.’’

त्यावर काय करता येतं हेही मला ठाऊक होतं. चुना घातला की निकेल गाळासारखं खाली बसतं, काढून पुन्हा वापरताही येतं. साहेबांना मी एकदा सांगितलं होतं. ते ‘‘अच्छा, देखेंगे’’ म्हणाले होते, आणि मी पुन्हा विचारलं नव्हतं.

हे मी आईला सांगितलं. तिने फोन माझ्याकडे सरकवला. ‘‘मग तूही फोन कर.’’

कोणाकोणाला, ते तिने सांगितलं नाही. मी रिसीव्हर हातात धरून बसलो. आत ती चिंच भिजत घालत होती.