यार्डाशेजारची विहीर

तिसऱ्या बोअरमधून बेलर वर ओढला आणि आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. बेलर म्हणजे दोरीला बांधलेली पारदर्शक नळी. तिने जमिनीखालच्या पाण्याचा नमुना काढतात. नळीत खाली पाणी होतं आणि वर चार बोटं पेट्रोल तरंगत होतं.

उलव्याजवळचं हे यार्ड. जुन्या गाड्या तोडून सुटे भाग विकायचे. जागा एका बिल्डरला हवी होती, म्हणून माती-पाणी तपासायला आमच्या कंपनीला बोलावलं होतं. मी भूवैज्ञानिक. गाड्यांच्या टाकीत उरलेलं इंधन यार्डवाले जमिनीतल्या सिमेंटच्या हौदात ओतायचे. त्या हौदाला तडा गेला होता.

तीन बोअरमधली पातळी मोजली की जमिनीखालचं पाणी कुठे सरकतंय ते कळतं. मी वहीत बाण काढला. तो कुंपणाच्या भिंतीकडे जात होता. भिंतीपलीकडे एक घर होतं.

"पलीकडे विहीर आहे का बघून येते," मी म्हटलं.

बिल्डरचे प्रोजेक्ट मॅनेजर शेजारीच होते. "मॅडम, ते आपल्या स्कोपमध्ये नाही. प्लॉटपुरता रिपोर्ट द्या."

"देईन. आधी बघून येते."

हवेतली पेटणारी वाफ मोजणारा गॅस मीटर घेऊन गेले. अंगणात साठीच्या हिराबाई सुकट निवडत होत्या. विहिरीच्या पाण्याला वास येतो का, विचारलं.

"बावीच्या पान्याला? येतो ना. आठ दिस झाले. पियाला नलाचा पानी हाय, बावीचा कपऱ्यांना." मग घरामागच्या, विहिरीवरच्या शेडकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बांधकामाची धूल परते म्हनून परवाच पत्रा टाकून बंद केली."

शेडचं दार किलकिलं होतं. मी दोन पावलांवर असतानाच मीटर ओरडायला लागला. म्हणजे पेट्रोलची वाफ पेट घेण्याइतकी साठत आली होती. ही वाफ हवेपेक्षा जड. झाकलेल्या विहिरीत ती भरून राहते. ठिणगी पुरे. फटीतून आत पंप दिसला. त्याची वायर वर गच्चीवरच्या टाकीकडे गेली होती.

"पंप ऑटोमॅटिक आहे?"

"हां. टाकी खाली झाली का आपसूक चालू होतो."

वरून पाण्याचा आवाज येत होता. हिराबाईंची सून कपडे धूत होती, म्हणजे टाकी रिकामी होत होती.

शेडमधल्या स्विचला हात लावणं म्हणजे मीच ठिणगी पाडणं.

"मेन स्विच कुठे आहे?"

"पुढं, ओटीवर. का गं?"

मी धावले. फार तर तीस पावलं असतील. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता मागे पंप गुरगुरेल. स्विच खाली ओढला. पंखा थांबेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होते.

"लाईट गेली का?" सून साबणाच्या हातांनी जिन्यात आली.

"बाळ कुठे आहे?" मी विचारलं, कारण ओटीवर छोटे कपडे वाळत होते. ते आत पाळण्यात झोपलं होतं. तिने त्याला उचललं, चूल विझवली ना, असं मी हिराबाईंना दोनदा विचारलं, आणि आम्ही सगळे रस्त्यापलीकडे जाऊन बसलो. फायर ब्रिगेडला फोन मी तिथूनच केला.

त्यांनी आधी आजूबाजूची घरं रिकामी केली, मग पत्रा काढून विहीर मोकळी केली. एक जवान गच्चीवर जाऊन आला. टाकीत जेमतेम वीतभर पाणी उरलं होतं. हे ऐकल्यावर सून बाळाला सोडेचना.

संध्याकाळी आमच्या सरांचा फोन. "क्लायंट भडकलाय. पुढचं काम आपल्याला देणार नाही म्हणतो."

"सर, रिपोर्टमध्ये विहीर येणार."

ते म्हणाले, "घाल."

यार्ड सील झालं, हौद आणि भोवतालची माती उपसून नेली. जमिनीखाली उतरलेलं पेट्रोल मात्र अजून काढताहेत. विहीर बंद आहे. बाव कधी चांगली होणार, असं हिराबाई दर वेळी विचारतात. अजून काही वर्षं तरी नाही, असं सांगावं लागतं.

आता नवीन साइटवर पहिल्या दिवशी मी मशीन उतरवत नाही. आधी शेजारच्या घरांत जाऊन विचारते, पाणी कुठून घेता. स्कोपमध्ये हे अजूनही लिहिलेलं नसतं.